रंगनाथ उस्तादाची बैठक

रंगनाथ उस्तादानं माझ्याशी ओळख करून घेतली ती सतरा नंबरचा पाना फेकून. पाना माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर असा आदळला की पलीकडच्या हॉटेलातली दोन माणसं चहा टाकून उठली. मी काही गुन्हा केला नव्हता. मी फक्त विचारलं होतं, "किती वेळ लागेल?"

छावणीत त्याला ओळखणारे लोक हा प्रश्न विचारत नसत. मी नवखा होतो, आणि माझी पाठ दुखत होती.

पाठीचं कारण सांगायला हवं, नाहीतर मी तिथं गेलोच कशाला असं वाटेल. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माणसानं करू नयेत अशा गोष्टींची यादी माझ्या बायकोला, सुनंदाला, तोंडपाठ आहे. त्या यादीत पहिल्या नंबरावर माझी बुलेट आहे. लासूर स्टेशनच्या एका निवृत्त गृहस्थांकडून मी ती घेतली. गाडी वयानं जवळजवळ माझ्याएवढी, उजव्या पायात गिअर, सीटखाली दोन जाड स्प्रिंगा. तशीच ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण मला तरुण दिसायचं होतं. म्हणून पडेगावच्या रस्त्यावरच्या एका दुकानात जाऊन मी जुनं उंच हँडल काढलं आणि सरळ, बसकं, काळं हँडल लावून घेतलं. महिन्याभरात अशी अवस्था झाली की कचेरीत टेबलाखाली पेन पडलं तर मी शिपायाला बेल मारायचो. कमरेला पट्टा आला. डॉक्टर म्हणाले, एक तर गाडी विका, नाहीतर पुढं ऑपरेशनचं बघू. सुनंदानं डॉक्टरांपेक्षा झटपट काम केलं. तिनं थेट गिऱ्हाईकच आणलं. गिऱ्हाईक म्हणजे तिचा भाऊ. माझ्या गाडीवर माझा मेहुणा बसलेला बघण्यापेक्षा ऑपरेशन परवडलं, असं मला वाटायला लागलं होतं.

तेव्हा त्याच शिपायानं सांगितलं, "साहेब, छावणीत एक माणूस आहे. गाडी तुमच्या मापाची करून देतो. मारतो, पण करून देतो."

उस्ताद साठीला आलेला, बुटका, छातीनं पिंपासारखा. हात मात्र त्या अंगाला न शोभणारे लांब. समोरचा एक दात अर्धा तुटलेला. तो दात गाडीच्या किकनं तोडला होता, आणि त्या गाडीची किक त्यानं दुसऱ्या दिवशी करवतीनं कापून टाकली होती, असं लोक सांगत. तो कधी ओरडायचा नाही. उलट राग चढत गेला की त्याचा आवाज खाली खाली जायचा. ऐकू येईनासा झाला, की समोरच्यानं दोन पावलं मागं सरायचं, एवढं मी पहिल्या आठवड्यातच शिकलो. गळतीवर डाग देऊन आणलेली टाकी त्यानं गिऱ्हाइकाच्या देखत रस्त्यावर आपटलेली मी पाहिली. एका पोराला त्यानं कॉलर धरून पंपाच्या नळाखाली धरलं, कारण पोरगं गाडीवर बसून पाठीचा कणा वाकवून मोबाइल बघत होतं. हे सगळं करताना त्याचा चेहरा एखाद्या कंटाळलेल्या वैद्यासारखा असायचा.

"गाडी माणसाला मारत नाय," तो म्हणायचा. "बैठक मारती."

त्याच्या हिशोबानं माणूस गाडीला तीन ठिकाणी जोडलेला असतो. बूड, हात आणि पाय. ह्या तीन जागा बरोबर असल्या तर माणूस नाशिकपर्यंत जाऊन येईल, आणि चुकल्या तर गुलमंडीपर्यंत जाताना त्याचा कणा मोडेल. दुखतंय कुठं, हे तो कधी विचारत नसे. गिऱ्हाइकाला तो फक्त सांगायचा, "त्या चिंचेपर्यंत जा आणि वळून ये." मग स्वतः भर रस्त्यात उभा राहायचा. मागून रिक्षावाले हॉर्न मारून थकायचे, हा हलायचा नाही. जाणाऱ्याच्या पाठीकडं बघत राहायचा.

"सामनेसे माणूस खोटं बोलतो," तो मला म्हणाला. "पाठीमागून नाय बोलता येत."

आठवड्यानं माझी पाळी आली. मी चिंचेपर्यंत जाऊन आलो. कोपऱ्यात एक घमेलं होतं, ओल्या गोणपाटानं झाकलेलं. त्यात काळी माती होती, त्याच्या लासूरकडच्या शेतातली, तेलपाणी घालून कणकेसारखी मळलेली. तिची जाड भाकरी त्यानं माझ्या सीटवर थापली, वर प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि म्हणाला, "बसा." मी बसलो. "उतरा." उतरलो. मातीत माझ्या बसण्याचा ठसा उमटला होता. वरिष्ठ लिपिक म्हणून तीस वर्षांत मी पुष्कळ शिक्के उमटवले, पण असा नाही. शेजारच्या हॉटेलातले सगळे बघायला आले.

उजवी बाजू बोटभर खोल गेली होती. उस्तादानं माझ्या मागच्या खिशात हात घातला आणि पाकीट ओढून काढलं. पाकीट कसलं, गठ्ठा होता तो. जुन्या पावत्या, लोकांची कार्डं, बदलीच्या अर्जाची झेरॉक्स, सुनंदाचा लग्नाआधीचा फोटो. त्यानं ते हातात तोललं आणि रस्त्यात भिरकावलं. एक टेम्पो त्यावरून गेला. कागद गोळा करत मी रस्त्यात ओणवा झालो आणि ओणवाच राहिलो, पाठ अडकली. तेव्हा त्यानं मागून येऊन माझ्या कमरेत मुठीचा असा ठोसा घातला की माझ्या डोळ्यांपुढं दौलताबादचा किल्ला उभा राहिला. पण मी सरळ झालो.

मग त्याची नजर हँडलवर गेली.

"हे कुनी बसवलं?"

मी सांगितलं, पडेगावला एक सुदाम म्हणून आहे.

त्याचा आवाज गेलाच. ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. मी शिकवणीप्रमाणं दोन पावलं मागं सरलो. त्यानं हँडलचे बोल्ट एकेक करून सावकाश काढले, ते एका वाटीत ठेवले. हँडल बाहेर दगडावर ठेवलं, घण उचलला आणि मारायला सुरुवात केली. अकरा घाव मी मोजले. पाचव्या घावाला पाइप चपटा झाला होता. उरलेले सहा हँडलसाठी नव्हते. मग ते वाकडं लोखंड त्यानं दुकानापुढच्या कडुनिंबाला तारेनं टांगलं. तेव्हा मी वर पाहिलं. तिथं आधीच अशी सात हँडलं लटकत होती.

शेजारच्या हॉटेलवाल्या मुनीरभाईंनी मला खाली बसवून चहा पाजला आणि सगळं सांगितलं. सुदाम हा उस्तादाचा सख्खा धाकटा भाऊ. चौदा वर्षं दोघं ह्याच दुकानात. मग सुदामनं पडेगावला स्वतःचं दुकान टाकलं, गाड्या बसक्या आणि लांब करून द्यायला लागला. उस्तादाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची, एका शाळामास्तरांची गाडी त्यानं मधून कापून वेल्डिंगनं लांबवली. वेल्डिंग चालत्या गाडीत सुटलं. मास्तर कमरेखाली गेले ते गेलेच, अजून खाटेवर आहेत. उस्ताद मास्तरांना बघून आला, तसाच पडेगावला गेला आणि भावाला दुकानातून ओढून रस्त्यावर आणलं. साखळीनं मारलं, मग लाथांनी मारलं, आणि सुदामनं तोंड वाचवायला उजवा हात वर केला तेव्हा मोठा पाना घेऊन कोपरावर एकच घाव घातला. मुनीरभाई तिथं होते. म्हणाले, "साब, ऊस मोडल्यासारखा आवाज आला."

प्लास्टर निघालं तरी कोपर आखडलेलंच राहिलं. "गाड्यांचं दुकान हाय त्याचं," मुनीरभाई म्हणाले, "पण त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाय. दुसऱ्याच्या मागं बसून फिरतो."

म्हाताऱ्या आईनं रडून सुदामला केस मागं घ्यायला लावली. पण पोलिसांनी उस्तादाकडून बाँड लिहून घेतला. सहा महिने कुणाच्या अंगाला बोट लावलं, तर सरळ आत. उस्तादानं दुकानाच्या शटरच्या आतल्या बाजूला खडूनं सहा महिन्यांच्या रेघा मारल्या होत्या आणि रोज सकाळी तो एक पुसायचा. बाँडच्या कागदावर शहराचं नवं नाव होतं. त्यावर तो म्हणायचा, "शहराला कायमचं बदलावं लागलं. मला सहाच महिने बदलायचंय."

मी गेलो तेव्हा दोन महिन्यांच्या रेघा उरल्या होत्या. नळाखालचं पोरगं किंवा माझ्या कमरेतला ठोसा बाँडमध्ये धरायचा की नाही, ह्यावर मुनीरभाईंचं म्हणणं पडलं की तो इलाज होता.

ह्यानंतर जे झालं त्यात माझा वाटा आहे, तो लपवत नाही. मला गोष्टी सांगायची खोड आहे. घरातल्या प्रत्येक मुंजीत आणि साखरपुड्यात पाहुणे माझ्याभोवती जमतात, आणि मला ते आवडतं. अकरा घावांची आणि आठव्या हँडलची गोष्ट मी कचेरीत सांगितली, मेहुण्याकडं सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. दर वेळी घण थोडा मोठा होत गेला. पडेगावच्या सुदामचं नाव घेतलं की लोक हसायचे. ऐकणाऱ्यांत कुणीतरी पडेगावचं असणार, हे मला सुचलं नाही.

आठ दिवसांनी दुपारी मी गाडीवर बसलेलो. उस्तादानं जुन्या पद्धतीचं उंच हँडल बसवलं होतं, सीट दोन बोटं मागं घेतली होती, आणि शेवटचं माप चाललं होतं. त्याचं माप म्हणजे ओळंबा. सुतळीचं एक टोक माझ्या कानाला बांधलेलं, खाली शिशाचा गोळा. कानावरून सोडलेली सुतळी कमरेच्या हाडावर पडली पाहिजे, पुढं नाही, मागं नाही. उस्ताद खाली बसून एक डोळा मिटून बघत होता. शेजारी मातीचं घमेलं.

एका मोटारसायकलच्या मागं बसून सुदाम आला. उस्तादासारखाच बुटका, वयानं दहा-बारा वर्षांनी लहान. उजवा हात पोटाशी दुमडलेला, डाव्या हातात शॉकअपचा पाइप. आधी त्यानं कडुनिंबाच्या हँडलांवर पाइप चालवला. लोखंडावर लोखंड वाजत राहिलं. मग तो आत आला आणि खाली बसलेल्या भावाच्या पाठीत पाइप घातला.

"उचल हात," तो म्हणाला. "उचल न. मर्द होतास न तू."

उस्तादाचे हात उचलले गेले होते. मी पाहिलं. उजवा तर सुदामच्या पिंढरीपर्यंत पोचला होता; एक ओढ, आणि सुदाम उताणा पडला असता. पण ते हात तिथंच थांबले आणि वळून घमेल्यात शिरले. मनगटापर्यंत. उस्तादानं मातीत मुठी आवळल्या, मान खाली घातली आणि तो तसाच बसून राहिला.

सुदाम मारत होता. डाव्या हाताची सवय नसल्यानं घाव कुठंही पडत होते, खांद्यावर, मानेवर, बरगड्यांवर. ओली गादी झोडपल्यासारखा आवाज होत होता; मधेच एकदा तो आवाज कोरडा आला. घावागणिक तो तेच म्हणत होता, उचल हात. शेवटी शेवटी तो ते विनवणी केल्यासारखं म्हणत होता. डाव्या हातातला दम संपला तेव्हा त्यानं पाइप उजव्यात घेतला, मारायला हात ताणला, पण हात अर्ध्यातच अडला आणि पाइप हवेतून गेला. तेव्हा उस्तादानं मान वर केली आणि त्या हाताकडं बघितलं. त्यानंतर प्रत्येक वेळी बघितलं.

मी काय केलं? मी "अहो, अहो" म्हणालो. दोनदा. माझ्या कानाला सुतळी बांधलेली होती, आणि ती सोडून उतरायचं मला जमलं नाही. सुतळीला गाठ साधीच होती.

मुनीरभाई आणि हॉटेलातल्या चौघांनी सुदामला ओढून नेलं. उस्ताद घमेल्यावर तसाच वाकलेला. तोंडातून लाळ आणि रक्त मातीत पडत होतं. मी त्याच्याजवळ वाकलो. अँब्युलन्स बोलवू का, पोलिसांत जाऊ या, असं काहीतरी मी बडबडत होतो. त्याचा आवाज अगदी खाली होता.

"चार बोटं," तो म्हणाला.

मला वाटलं बरगड्यांचं सांगतोय.

"त्याचा उजवा हात. चार बोटं कमी पडतो. कोपर बाहेर नाय जात, आत येतं."

तीन बरगड्या आणि कमरेचा एक मणका. दवाखान्यात त्यानं सांगितलं की घाटात गाडीवरून पडलो. डॉक्टरांनी पाठीवरचे पाइपचे वळ बघितले आणि काही विचारलं नाही. परत आला तेव्हा त्याला वाकता येत नव्हतं. माझा पट्टा मी त्याला दिला. मला आता त्याची गरज नव्हती. माझी पाठ त्या दिवसापासून दुखली नाही, हे सांगायची मला अजून लाज वाटते. मेहुण्याला गाडी मिळाली नाही.

शटरवरच्या रेघा मात्र कमी होत राहिल्या. दुखण्यात तो दहा दिवस पडून होता, त्या दहा रेघा आल्याबरोबर एकदम पुसल्या. छावणीत सगळ्यांना त्या रेघांचा अर्थ एकच वाटत होता. शेवटची पुसली, की हा पडेगावला जाणार आणि भावाला संपवणार. आई येऊन पाया पडून गेली. मुनीरभाईंनी घण लपवून ठेवला. उस्तादानं दुसरा आणला. मधल्या दिवसांत तो शटर अर्धं ओढून आत काहीतरी ठोकत बसायचा. घाव ऐकू यायचे, मधे लांब थांबायचे, कारण दर चार घावांनंतर त्याला पाठ टेकावी लागायची. कुणी आत डोकावलं तर पाना यायचा.

शेवटची रेघ पुसली त्या दिवशी त्यानं मला निरोप धाडला. उद्या सकाळी पडेगावला सोडा. त्या पाठीनं त्याला स्वतःला अजून गाडी चालवता येत नव्हती. मी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "खून करायला जाणाऱ्याला लिफ्ट देणारा आपल्या दोन्ही घरांत तूच पहिला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "जा. तुझ्या तोंडामुळं झालंय. आणि ह्या वेळी गाडीवर बसून राहू नकोस."

तो माझ्या मागं बसला. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. खड्डा आला की ते माझ्या पाठीला लागायचं. नगर नाका गेला. मला बोलायचं होतं, पण मी नुसता खड्डे चुकवत राहिलो. तो एकदाच बोलला. "खांदे सोडा, सायेब. आखडून बसू नका."

सुदामनं आम्हाला लांबूनच पाहिलं. तो डाव्या हातात पहार घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला. मी गाडी थांबवली. उस्तादाला उतरायला वेळ लागला. एक पाय, मग पट्टा धरून दुसरा. सुदामनं पहार फिरवली आणि पहिला घाव माझ्या गाडीच्या दिव्यावर घातला. काचा माझ्या बुटांवर सांडल्या. तो इशारा होता. मी उतरलो आणि दोघांच्या मधे उभा राहिलो. हे शौर्य एका श्वासाचं होतं, कारण उस्तादानं मला एका हातानं बाजूला सारलं, आणि दुसऱ्या हातानं सुदामच्या कानाखाली अशी ठेवून दिली की सुदाम जमिनीवर बसला. पहार घरंगळत माझ्या पायाशी आली.

रस्त्यावरचे सगळे थबकले. सुदामच्या ओठातून रक्त येत होतं.

"मारलंस न परत," तो म्हणाला.

"हौ," उस्ताद म्हणाला. "बाँड काल संपला. ऊठ. गाडीवर बस."

त्यानं गोणपाट सोडलं. आत हँडल होतं. इतकं कुरूप हँडल मी पाहिलं नाही. डावी बाजू सरळसोट, आणि उजवी चार बोटं मागं वळवलेली, आतल्या अंगाला, मोडक्या पंखासारखी. आखडलेल्या कोपराला जिथं मूठ हवी, बरोबर तिथं मूठ.

सुदाम बराच वेळ जमिनीवरच होता. मग उठला. त्याची गाडी दुकानात मागं भिंतीला लावलेली, टाकीवर धुळीचा थर. उस्तादाला वाकता येईना, म्हणून तो स्टुलावर बसला आणि त्यानं माझ्यापुढं हात केला.

"सतरा."

मी पाना दिला. तासभर लागला असेल. मधे एकदा सुदामनं खांदा वर उचलला तेव्हा उस्तादानं पान्याच्या मुठीनं त्यावर खट्‌कन मारलं, आणि खांदा खाली आला.

"त्या बाभळीपर्यंत जा आणि वळून ये," उस्ताद म्हणाला.

सुदामनं किक मारली. उस्ताद नेहमीसारखा भर रस्त्यात जाऊन उभा राहिला, एक हात माझ्या जुन्या पट्ट्यावर. मागून एक ट्रक हॉर्न मारत होता. सुदाम बाभळीपर्यंत गेला. त्याचा वेग कमी झाला नाही. बाभूळ मागं पडली, पुढचा पूल मागं पडला, गाडीचा आवाज बारीक होत गेला.

"वळला नाही," मी म्हणालो.

उस्ताद डोळे बारीक करून बघत होता.

"नसू दे," तो म्हणाला. "पाठ सरळ हाय."